अंथरुणापासून उंबरठ्यापर्यंत

रात्रीच्या आपत्तीचा विचार करताना दिवसाच्या आपत्तीतून केवळ उजेड वजा करून चालत नाही. रात्री माणूस अंधारात असतो एवढेच नव्हे, तर तो निजलेला असतो, घराला आतून कड्याकुलपे लागलेली असतात, तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धापर्यंत घरातली सगळी माणसे एकाच छपराखाली असतात आणि शेजारीपाजारीही त्याच अवस्थेत असल्यामुळे हाकेला ओ देणारे कोणी जागे नसते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास फुटले, भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील इमारत २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पावणेचारच्या सुमारास कोसळली आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. आपत्ती रात्रीच येते असा याचा अर्थ नाही. भूकंपाला घड्याळ कळत नाही. पण तोच धक्का शेतीची कामे चालू असताना बसला असता तर जी माणसे रानात, बांधावर किंवा रस्त्यावर असती, ती रात्री भिंतीला लागून झोपलेली असतात, आणि म्हणून तेवढ्याच तीव्रतेच्या आपत्तीत रात्रीची मनुष्यहानी कितीतरी मोठी होते.

अशा वेळी घरातून लवकर बाहेर पडता यावे म्हणून करायची तयारी म्हणजे दाराशी भरून ठेवलेली एक पिशवी, असा समज माहितीपत्रकांमुळे रूढ झाला आहे. पिशवी उपयोगी असते यात शंका नाही, परंतु ती या तयारीतला सर्वांत सोपा आणि सर्वांत गौण भाग आहे. खरा प्रश्न वेळेचा आहे. प्रत्येक आपत्ती माणसाला वेगवेगळा अवधी देते: भूकंप काही सेकंद देतो, आग दोन-तीन मिनिटे देते, नदीचा पूर बहुधा काही तास देतो, आणि डोंगराची दरड तर पुष्कळदा रात्री काहीच देत नाही, जे काही द्यायचे ते आदल्या संध्याकाळीच देऊन टाकते. कोणत्या आपत्तीत किती अवधी मिळतो हे आधी ठाऊक असले, तरच त्या अवधीत काय करता येईल आणि काय करण्याच्या भरीस पडू नये, हे ठरवता येते.

या अवधीतला पहिला वाटा झोप खाऊन टाकते. रात्रीच्या पहिल्या प्रहरात झोप सर्वांत गाढ असते आणि त्या अवस्थेतून एकाएकी उठवलेल्या माणसाचे डोळे उघडे असले, तो बोलत असला, तरी त्याचा मेंदू पूर्ण जागा झालेला नसतो. झोपेचे अभ्यासक या अवस्थेला निद्राजडत्व म्हणतात. ती बहुधा पंधरा मिनिटे ते अर्धा तास टिकते, आणि त्या काळात स्मरणशक्ती, निर्णयशक्ती आणि हातांची चपळाई या तिन्ही गोष्टी मंदावलेल्या असतात. किल्ली कुठे ठेवली आहे, आधी कोणाला उठवायचे, जिन्याने जायचे की गच्चीवर, असे साधे प्रश्नही अशा वेळी अवघड होतात. त्यात डोळ्यांची भर पडते, कारण उजेडातून अंधारात आल्यावर दृष्टी पूर्णपणे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मध्येच कोणी दिवा लावून विझवला तर तो सराव पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणूनच जे काही ठरवायचे ते दिवसाउजेडी ठरवून ठेवणे आणि रात्री केवळ ते पार पाडणे, एवढाच मार्ग शिल्लक राहतो.

धूर झाला की वासाने जाग येईलच, हाही असाच एक घातक भरवसा आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपलेल्या व्यक्तींच्या नाकाशी पेपरमिंटचा आणि पिरिडीन या उग्र रसायनाचा वास सोडून पाहिला, तेव्हा गाढ झोपेत असलेल्यांना त्या वासाने जाग आली नाही, आवाजाने मात्र आली. शिवाय आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वासहीन वायू असतो, जो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो आणि झोपलेल्या माणसाला जागे करण्याऐवजी आणखी खोल गुंगीत ढकलतो. धुराची चाहूल घेऊन वाजणारा छोटा गजर काही शे रुपयांपासून मिळतो, पण मराठी घरांत तो क्वचितच दिसतो. नव्या घराच्या सजावटीवर होणाऱ्या खर्चात त्याला पहिले स्थान मिळायला हवे. लहान मुलांच्या बाबतीत मात्र केवळ गजरावर विसंबता येत नाही. ओहायो राज्यातील एका बालरुग्णालयात पाच ते बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगांत नेहमीच्या कर्कश गजरापेक्षा आईच्या आवाजातील सूचनेने अधिक मुले आणि अधिक लवकर जागी झाली. गजर मोठ्यांना उठवतो आणि मोठी माणसे मुलांना उठवतात, असा क्रम घरात धरून चालावे आणि कोणते मूल कोणी उचलायचे, हेही नावानिशी ठरलेले असावे.

किल्लारीचे काही सेकंद

भूकंपात घराबाहेर पळायला वेळ मिळतो ही कल्पना किल्लारीने पुरती खोटी ठरवली. त्या रात्री लोक गणेश विसर्जन आटोपून उशिरा निजले होते. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर या गावांच्या परिसरात सुमारे ६.२ क्षमतेचा धक्का बसला, सरकारी आकडेवारीप्रमाणे ७,९२८ माणसे दगावली आणि सुमारे ५२ गावे भुईसपाट झाली. एवढ्या क्षमतेच्या भूकंपात चांगल्या बांधणीच्या इमारती उभ्या राहू शकतात. माणसे मारली ती घरांनी, आणि ती घरे कशी होती हे बारकाईने पाहिल्याशिवाय रात्रीच्या तयारीचा अर्थ कळत नाही.

मराठवाड्यातील माळवदाचे घर उन्हाळ्यासाठी उत्तम असते. त्याच्या भिंती दगडमातीच्या आणि दोन-तीन फुटांपासून त्याहूनही जाड असत. बाहेरून आणि आतून मोठे दगड रचून मधली पोकळी माती आणि दगडगोट्यांनी भरलेली असे, आणि या दोन थरांना एकमेकांत अडकवणारे आरपार लांब दगड मात्र बहुधा घातलेले नसत. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. गळती थांबावी म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती चढवली जाई आणि छताचे ओझे पिढ्यानपिढ्या वाढत जाई. धक्का बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून फाटले, दगड आतबाहेर ढासळले आणि मातीने उरलीसुरली हवा कोंडली. अनेक घरांत खांबतुळयांचा लाकडी सांगाडा उभाच राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या, ही गोष्ट नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी आवर्जून नोंदवली आहे. भिंतीला अंथरूण लावून निजलेल्या माणसाला अशा वेळी उंबरठ्यापर्यंतची चार पावलेही दूर होती.

यातून निघणारे निष्कर्ष व्यवहारातले आहेत. जमीन हलत असताना पळू नये, कारण तेव्हा धड उभेही राहता येत नाही आणि जिना, दरवाजाची चौकट, सज्जा किंवा भिंतीचा कठडा हे इमारतीचे सर्वांत अविश्वसनीय भाग असतात. पक्क्या बांधकामाच्या घरात अंथरुणावर असलेल्या माणसाने तिथेच पालथे होऊन उशीने डोके आणि मान झाकावी, हलणे थांबेपर्यंत थांबावे आणि नंतर जिन्याने खाली उतरून मोकळ्या जागी जावे, कारण पुढचे धक्के अर्धवट खिळखिळी झालेली घरे पाडतात. दगडमातीच्या एकमजली घरात दाराशीच असलेल्याने बाहेर उडी घेणे शहाणपणाचे ठरेल, परंतु अशा घराची खरी तयारी रात्री नव्हे, बांधताना करायची असते: भिंतीत आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या चौकटींवरून घरभर फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा आणि हलके छप्पर. ज्यांना घर बदलता येत नाही त्यांनी निदान अंथरूण बदलावे. झोपण्याची जागा जाड भिंतीपासून, डोक्यावरच्या फडताळापासून आणि जड कपाटापासून दूर आणि दाराच्या जवळ असावी, ही सुधारणा बिनखर्चाची आहे. जपानमधील कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपातही बहुसंख्य मृत्यू पडलेल्या घरांखाली आणि उलटलेल्या सामानाखाली झाले. तेव्हापासून कपाटे भिंतीला जखडणे आणि फुटक्या काचांतून चालता यावे म्हणून पलंगाशेजारी जोडे ठेवणे ही तिथल्या घराघरांत दिली जाणारी शिकवण आहे. पायात चप्पल नसेल तर बाकीची सगळी तयारी पहिल्या पावलालाच अडते. मराठी घरांत चपला उंबरठ्याबाहेर काढण्याची रीत आहे, तिला धक्का न लावता प्रत्येकाचा एक जुना, स्वच्छ धुतलेला जोड अंथरुणाच्या पायथ्याशी ठेवता येतो.

लातूरचा हा भाग १९९३ साली देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा सुधारताना तो पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या श्रेणीत घेतला गेला. नकाशात आपले गाव धोक्याबाहेर आहे म्हणून निश्चिंत राहण्याचा हक्क तेव्हापासून कोणालाच उरलेला नाही.

दोन-तीन मिनिटांचा हिशोब

आगीत सेकंदांऐवजी मिनिटे मिळतात, पण पूर्वी मिळत तेवढी आता मिळत नाहीत. अमेरिकेत २००९ साली केलेल्या एका तुलनात्मक चाचणीत लाकूड, कापूस अशा जुन्या धाटणीच्या सामानाने सजवलेली खोली संपूर्ण पेट घेण्यास सुमारे अर्धा तास लागला, तर फोम आणि कृत्रिम धाग्यांचे सामान असलेली खोली चार मिनिटांच्या आत भडकली. खोलीतील सर्व वस्तू एकाच वेळी पेटतात त्या क्षणाला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि त्यानंतर त्या खोलीत जिवंत राहणे अशक्य होते. जाग येण्यात आणि भानावर येण्यात यांतली दोन मिनिटे गेली, तर दारापर्यंत पोहोचण्यास उरतात दोनच.

आणि दाराशी काय असते? शहरातील सदनिकेचे रात्रीचे दार पाहिले तर वर एक कडी, खाली एक कडी, मध्ये लॅच, त्याखाली साखळी आणि पलीकडे लोखंडी सेफ्टी डोअर, त्याला आणखी एक कुलूप, अशी चोराला अडवणारी पाच-सहा ठाणी असतात. त्या कुलपाची किल्ली कधी पर्समध्ये, कधी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात, कधी देवघराच्या खणात. धुराने भरलेल्या अंधारात, थरथरत्या हातांनी आणि निद्राजडत्वाने मंदावलेल्या मेंदूने ही ठाणी क्रमाने उघडायची असतात. चोराची भीती खरी असली तरी ज्या दारातून चोर आत येऊ शकत नाही त्याच दारातून घरमालक बाहेर जाऊ शकत नसेल, तर ती सुरक्षा नव्हे. रात्री कुलूप लावायचेच असेल तर त्याची किल्ली दारालगतच्या एकाच ठरलेल्या खुंटीवर, बाहेरून हात पोहोचणार नाही पण आतल्या लहान मुलाचाही हात पोहोचेल अशा उंचीवर, रोज रात्री असलीच पाहिजे, आणि ती तिथून कोणत्याही कारणाने हलवली जाऊ नये. खिडक्यांना बाहेर काढलेल्या लोखंडी जाळ्यांचीही गोष्ट अशीच आहे. त्यांत बिजागरीवर उघडणारा एक तरी झडपेचा भाग नसेल, तर अग्निशमन दलाच्या जवानाला शिडीवरून आत येण्याआधी लोखंड कापत बसावे लागते.

दार उघडले तरी जिना उरतोच. गोरेगाव पश्चिमेतील एका पुनर्वसन इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास तळमजल्यावर उभ्या वाहनांत आणि साठवलेल्या चिंध्यांत आग लागली, धूर जिन्यावाटे वर चढला आणि झोपेतील रहिवाशांपैकी काहींचा त्यात मृत्यू झाला. जिना हा इमारतीतला धुराचा नैसर्गिक धुराडा असतो, म्हणून जिन्याखाली दुचाकी लावणे, रात्रभर तिथे बॅटरी चार्जिंगला ठेवणे आणि पायऱ्यांच्या वळणावर चपलांची कपाटे मांडणे हा शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे; गृहनिर्माण संस्थेच्या सभेत या मुद्द्यावर भांडण झाले तर ते व्हायलाच हवे. आगीच्या वेळी दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने ते चाचपून पाहावे. गार असेल तर हळूच उघडून, जिना स्वच्छ असल्यास, जमिनीलगत वाकून उतरावे, कारण गरम धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा गुडघ्याच्या उंचीला राहते. दार तापलेले असेल किंवा जिन्यात धूर कोंडला असेल तर बाहेर पडण्याचा हट्ट सोडून दाराच्या फटी ओल्या कपड्यांनी बुजवाव्यात, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत जाऊन विजेरीने खूण करावी आणि १०१ किंवा ११२ वर मजला आणि खोली नेमकी सांगावी. लिफ्ट कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. बाहेर पडलेल्याने मागचे दार ओढून घ्यावे, कुलूप लावू नये. बंद दार आगीला काही मिनिटे थोपवते आणि ती मिनिटे वरच्या मजल्यावरच्या कोणाची तरी असतात.

स्वयंपाकाच्या गॅसची गळती हा याच मिनिटांतला आणखी एक प्रसंग. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो आणि जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांच्या भोवती पसरतो. अशा वेळी दिवा, पंखा, मोबाइलची विजेरी यांपैकी कशालाही हात न लावता, म्हणजे चालू असलेले बंदही न करता, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि नंतर १९०६ या क्रमांकावर कळवावे. कारखान्यातून विषारी वायू सुटण्याचा धोका तारापूर, महाड, लोटे-परशुराम किंवा रसायनी अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांना असतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट पसरला तेव्हा लोकांना वायू कोणता, वारा कुठला आणि पळायचे कुठे यांतले काहीही ठाऊक नव्हते. वाऱ्याच्या दिशेने नव्हे तर वाऱ्याला आडवे जायचे, नाकातोंडावर ओले फडके धरायचे आणि शक्य तर उंच भागाकडे जायचे, हे तीनच नियम आहेत. परंतु ते कामी येण्यासाठी भोंग्याचा अर्थ वस्तीला आधी सांगितलेला असावा लागतो. कारखाने कायद्यातील १९८७ च्या दुरुस्तीने ही माहिती देणे कारखान्यावर बंधनकारक केले होते; वस्तीने ती मागून घ्यावी.

मोडकळीस आलेल्या इमारती बहुधा सूचना देऊन पडतात. प्लास्टरचे पोपडे गळणे, काल सहज लागणारे दार आज चौकटीत अडकणे, खांबांतून तडतड आवाज येणे, फरशा एकाएकी उचलल्या जाणे ही त्या सूचनेची भाषा असते, पण रात्री ती ऐकायला कोणी जागे हवे. ऑक्टोबर २०२० मध्ये डोंबिवलीच्या कोपर भागात एका जुन्या दुमजली इमारतीत पहाटे चारच्या सुमारास वेब मालिका पाहत जागा असलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाला स्वयंपाकघराचा भाग निखळताना दिसला. त्याने घरच्यांना आणि मग दारोदार हाका मारून शेजाऱ्यांना उठवले, आणि इमारत कोसळण्याआधी सुमारे ७५ रहिवासी बाहेर पडले. या घटनेत नशिबाचा भाग होता, तसाच सामान घ्यायला न थांबणाऱ्या माणसांच्या शहाणपणाचाही होता. धोकादायक ठरवलेल्या इमारतीत पावसाळाभर नाइलाजाने राहणाऱ्यांनी जागे राहण्याच्या पाळ्या लावाव्यात. गावोगावी चोरांच्या भीतीने गस्त घातली जाते, तर पडत्या छपरासाठी ती घालण्यात कमीपणा काय आहे?

आता पिशवीविषयी थोडक्यात. तीत विजेरी, शिट्टी, रोजच्या औषधांचा काही दिवसांचा साठा, चष्म्याची जुनी जोडी, सुट्या नोटा, पाण्याची बाटली, चार्ज केलेली पॉवर बँक आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कागदपत्रांच्या प्रती असाव्यात. मूळ कागद डिजिलॉकरमध्ये चढवून ठेवले तर सातबारा, आधार आणि शिधापत्रिका यांच्यासाठी माघारी धावण्याची वेळ येत नाही. माघारी धावणे हेच मोठ्या हानीचे कारण असते, आणि बहुधा ते दागिन्यांसाठी किंवा जनावरांसाठी होते. दागिन्यांना उपाय बँकेचा आहे. जनावरांना उपाय गाठीचा आहे: पावसाळ्याच्या रात्री गोठ्यातले दावे निरगाठीने न बांधता एका ओढीत सुटणाऱ्या सुरगाठीने खुंट्याला बांधावे, म्हणजे कोयता शोधत बसावे लागत नाही आणि पाणी चढले तर जनावर पोहून स्वतःचा जीव वाचवू शकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी जाड सुती चादर अंगाखालीच अंथरलेली असावी. डोंगरातल्या वाड्यांवर आजाऱ्याला झोळीतून उतरवण्याची जी पद्धत आहे, तिच्यासाठी चादरीची चार टोके धरणारी चार माणसे कोण, हे आधी ठरलेले असले की पुरते.

संध्याकाळीच घ्यायचा निर्णय

नदीकाठच्या गावांना निर्णय घेण्यासाठी वेळ असतो आणि तो मोजण्याची साधनेही असतात. कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, तर सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाची अनुक्रमे ४० आणि ४५ फूट, हे आकडे तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात, आणि पाणी कुठल्या फुटावर आले की आपल्या गल्लीचा रस्ता बुडतो याचा हिशोब जुनी माणसे चुकवत नाहीत. तरीही ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुष्कळ कुटुंबे पाणी चौकटीला लागेपर्यंत घरात थांबली, आणि पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढताना खचाखच भरलेली नाव उलटून जीव गेले. पाणी याहून वर येणार नाही असे म्हणण्यामागे पूर्वीच्या पुरांचा अनुभव असतो, परंतु धरणांतील विसर्ग, बदललेली पात्रे आणि एका दिवसात कोसळणारा पाऊस यांनी तो अनुभव जुना करून टाकला आहे. जो निर्णय चार फूट पाण्यात रात्री दोन वाजता घ्यावा लागतो, तो घोटाभर पाण्यात संध्याकाळी घेतला तर जनावरे, धान्य आणि म्हातारी माणसे सगळीच सुखरूप हलवता येतात.

दरडीच्या बाबतीत संध्याकाळ हीच शेवटची वेळ असते. इर्शाळगडाच्या पायथ्याशी, डोंगरउतारावर वसलेल्या इर्शाळवाडीत सुमारे ४८ घरे आणि सव्वादोनशेच्या आसपास लोकसंख्या होती, आणि तिथे पोहोचायला पायवाटेने चढून जाण्यावाचून मार्ग नव्हता. तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता. रात्री डोंगर खाली आला तेव्हा बहुतेक घरे निजली होती; वाडीच्या शाळेत मोबाइल पाहत बसलेली काही मुले वाचली. यंत्रे वर नेता न आल्याने फावड्या-कुदळींनी शोध घ्यावा लागला, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. संभाव्य दरडग्रस्त गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. या घटनेत कोणत्याही घराने किल्ली खुंटीवर ठेवली असती, पिशवी भरली असती, चपला पायथ्याशी ठेवल्या असत्या, तरी काही फरक पडला नसता. फरक पडला असता तो १९ तारखेला दिवस मावळण्यापूर्वी वाडी रिकामी झाली असती तर.

डोंगर बोलतो, पण कमी बोलतो. उतारावर किंवा अंगणात पडलेली नवी भेग, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, आटणे किंवा नव्या जागी फुटणे, विजेचे खांब आणि झाडे कलणे, घराच्या जोत्याला तडे जाणे, दुरून आल्यासारखी घरघर ऐकू येणे, या खुणा दिसल्या की पाऊस थांबण्याची वाट पाहू नये. खुणा दिसल्या नाहीत तरी हवामान खात्याने जिल्ह्याला तांबडा इशारा दिला असेल आणि पाऊस दोन-तीन दिवस न उघडता पडत असेल, तर उतारावरच्या आणि ओढ्याच्या मुखावरच्या घरांनी रात्र दुसरीकडे काढावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सचेत या ॲपवर असे इशारे मिळतात, जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. परंतु डोंगरकपारीच्या वाडीत मोबाइलची रेंज पावसात अनेकदा नाहीशी होते, म्हणून तिथे अजूनही देवळाची घंटा, थाळी आणि माणसाची हाक यांवरच भरवसा ठेवावा लागतो.

संध्याकाळी घर सोडणे अवघड का जाते, याची कारणे समजून घेतल्याशिवाय लोकांना हट्टी ठरवणे अन्यायाचे आहे. मागे चोरी होईल, गोठ्यातली गाय उपाशी राहील, सकाळी भातलावणीला पुन्हा वर चढावे लागेल, आणि तीन वेळा घर सोडूनही काहीच झाले नाही तर चौथ्या वेळी शेजारी हसतील. काहीच न होणे हा अशा निर्णयाचा सर्वांत वारंवार मिळणारा आणि सर्वांत चांगला निकाल आहे, हे कुटुंबाने आणि तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सर्वांनी स्वीकारले पाहिजे. शिवाय जायचे कुठे हा प्रश्न निव्वळ उपदेशाने सुटत नाही. ज्या शाळेत रात्र काढायची तिथे दिवा, कोरडी जमीन, पाणी, स्त्रियांसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह आणि जनावरांसाठी आडोसा असेल, तर माणसे न सांगता येतात. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी, अशी अवस्था असेल तर सांगूनही येत नाहीत. पावसाळ्यात इशारा लागलेल्या दिवशी दिवेलागणीपूर्वी शाळेची किल्ली कोणाच्या हाती असेल आणि त्या रात्री कोणत्या वाडीतल्या कोणत्या घरांना तिथे यायचे आहे, हे डोंगराखालच्या आणि नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने १ मे रोजीच्या ग्रामसभेत नावानिशी ठरवून फलकावर लिहावे.